टिटवीची चार अंडी आणि माझा बंड्या : वेताळ टेकडीवरचं एक प्रकरण

हे लिहायचं दोन वर्षं डोक्यात होतं. टेकडीवर कुत्री घेऊन येणाऱ्यांचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, दर उन्हाळ्यात त्यात कोणीतरी नवीन येतं, "इथे मोकळं सोडलं तर चालतं ना?" असं विचारतं, मग दोन दिवस वाद, मग कोणीतरी रागावून ग्रुप सोडतं आणि मी तेच उत्तर परत टाईप करत बसते. म्हणून म्हणलं एकदा सगळं प्रकरण पहिल्यापासून लिहून काढू, नक्की काय झालं, चूक कुठे झाली, नंतर काय काय करून बघितलं आणि त्यातलं काय टिकलं. नावं कोणाचीच देत नाहीये, फक्त माझ्या कुत्र्याचं देते.

टेकडी आणि आम्ही

वेताळ टेकडी म्हणजे पुणे शहरातला सगळ्यात उंच भाग, साधारण २६०० फूट. एका अंगाला पाषाण-पंचवटी, दुसऱ्या अंगाला गोखलेनगर आणि लॉ कॉलेज, तिसरीकडे कोथरूड. वर वेताळबाबाचं देऊळ, जुनी दगडाची खाण, खाणीत साठलेलं पाणी आणि मोकळं पठार. उन्हाळ्यात ते पठार बघितलं तर पिवळं गवत, मुरूम, मधेच एखादं खुरटं झाड, बाकी काही नाही. मला कित्येक वर्षं वाटायचं की पक्षी असतात ते झाडांवर, या माळावर कोण कशाला राहील. त्यामुळे कुत्रं सोडायचं तर इथेच, कोणाला त्रास नाही, असा माझा साधा हिशोब होता.

टेकडीवर माझं प्रेम नव्हतं असं अजिबात नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये बालभारती-पौड फाटा रस्ता आणि टेकडीखालून जाणारे बोगदे नकोत म्हणून लोक मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले होते, त्यात मीही होते आणि बंड्याच्या गळ्यात हिरवा रुमाल होता. टेकडी वाचली पाहिजे हे मला मनापासून वाटायचं, आजही वाटतं. पण टेकडीला धोका म्हणजे जेसीबी, रस्ता, बिल्डर, एवढंच तेव्हा डोळ्यासमोर होतं, आपण रोज सकाळी तिथे काय करतो ते त्या यादीत यायला हवं असं कधी मनातच आलं नाही.

बंड्या गावठी आहे, तेव्हा तीन वर्षांचा होता, कानाला एक चीर, पळायला लागला की हरणासारखा. टेकडीवर आमची सगळ्यांची ओळख कुत्र्यांच्या नावाने. मी बंड्याची आई, मग सिम्बाचे बाबा, कोकोची आई, रॉकीचे आजोबा. वर्षानुवर्षं रोज भेटतो आणि एकमेकांची खरी नावं निम्म्या लोकांना माहिती नाहीत. सकाळी सहाला चढायचं, पहिल्या वळणावर पट्टे सोडायचे, पठारावर कुत्री अर्धा तास उधळायची, आपण गप्पा मारायच्या, साडेसातला खाली. कोणी काही बोललं की सगळ्यांचं एकच वाक्य, "अहो काही करत नाही तो." मी हे वाक्य दिवसातून दोनदा तरी म्हणायचे आणि मला ते खरंच वाटायचं.

ती सकाळ

मे २०२४. त्या दिवशी मुख्य पायवाटेवर तीन-चार भटकी कुत्री बसली होती आणि बंड्याचं त्यांच्याशी पटत नाही, म्हणून मी वाट सोडून डावीकडून पठारावर चढले. बंड्या शांत होता म्हणून लगेच पट्टा काढला. पन्नास पावलं गेलो असू, तेवढ्यात टिटव्या ओरडायला लागल्या. टिटिव टिटिव टिटिव, डोक्यावरून एक, समोरून एक, खाली यायच्या, बंड्याच्या पाठीला लागेल इतक्या खाली, आणि परत वर. बंड्या उड्या मारत होता. मी मोबाईल काढला आणि शूटिंग करायला लागले. तो व्हिडिओ माझ्याकडे अजून आहे, बावीस सेकंदांचा, त्यात माझं हसणं ऐकू येतं.

एक टिटवी जमिनीवर उतरून पंख पसरून लंगडल्यासारखी करत लांब निघाली. ती कुत्र्याला लांब न्यायचा प्रयत्न करत होती हे मला नंतर कळलं, तेव्हा वाटलं तिला लागलंय. बंड्या तिच्यामागे गेलाच नाही. तो नाक खाली घालून दगडांमधे कसलातरी वास घेत होता आणि मग त्याने तोंड घातलं. मी "बंड्या ये, ये इकडे" म्हणून ओरडले, एरवी घरात नावाच्या पहिल्या अक्षराला येणारा कुत्रा, त्याने कानसुद्धा हलवला नाही.

जवळ गेले तर टिटवीचं घरटं होतं. घरटं म्हणण्यासारखं तिथे काही नव्हतं, एक उथळ खळगा आणि भोवती खडे. चार अंडी, मातकट रंगाची, त्यावर काळे डाग, अशी की दोन फुटांवर उभं राहिलं तरी मुरूमच वाटावा. तीन फुटली होती. एकातून पिवळा बलक यायला हवा होता तो आला नाही, आत पिल्लू होतं, ओलं, चोच आणि लांब पाय व्यवस्थित तयार झालेले. बंड्याच्या मिशांना कवचाचा एक तुकडा चिकटला होता. मी तो बोटाने काढला, तो किती पातळ होता ते मला अजून आठवतं.

तेवढ्यात एक काका आले. रोज दुर्बीण घेऊन येतात, तोंडओळख होती. मला वाटलं आता ओरडणार. ते खाली बसले, बघितलं आणि म्हणाले, "आज चोवीसावा दिवस होता." मी म्हणलं कसला? "अंड्यांचा. अठ्ठावीस-तीस दिवस लागतात. मी रोज लांबून बघत होतो." मग चौथ्या अंड्याकडे बोट करून म्हणाले, "आता इथून लांब जाऊया, ऊन चढायच्या आत ती परत बसली तर बसली." आम्ही लांब जाऊन झाडाखाली थांबलो. टिटव्या तासभर ओरडत होत्या. चौथ्या अंड्याचं पुढे काही झालं नाही, दोन दिवसांनी तेही तिथे नव्हतं.

त्या झाडाखाली काकांनी मला टिटवीबद्दल जेवढं सांगितलं तेवढं मी शाळेत कुठल्याच पक्ष्याबद्दल शिकले नव्हते. उन्हाळ्यात जमीन तापते तेव्हा अंडं उबवण्यापेक्षा गार ठेवणं हेच मोठं काम असतं, तर टिटवी पाण्यावर जाते, पोटाची पिसं भिजवते आणि ओल्या पोटाने येऊन अंड्यांवर बसते. खाणीतलं पाणी त्यासाठी. दिवसभरात किती फेऱ्या. म्हणजे कुत्रं अंड्याला नुसतं शिवलंही नाही, फक्त अर्धा तास आजूबाजूला बागडलं, तरी टिटवी उठून उडत राहते आणि मेच्या उन्हात अंडी उघडी पडतात. लहानपणी आजी सांगायची की टिटवी पाय वर करून झोपते, आभाळ पडलं तर पेलायला. काकांना सांगितलं तर म्हणाले, माळावर उघड्यावर अंडी घालणाऱ्या पक्ष्याबद्दल लोकांना असंच वाटणार.

आणि टिटवी एकटी नाही. तित्तिर जमिनीवर अंडी घालतो, लाव्हरी जमिनीवर, चंडोल गवताच्या बुडाशी, रातवा तर खळगासुद्धा करत नाही, नुसता पाचोळ्यावर बसतो. लांडोरही झुडपाखाली जमिनीवरच. मला ओसाड दिसणारं पठार म्हणजे मार्च ते ऑगस्ट यांचं बाळंतघर होतं, आणि आम्ही पंधरा-वीस कुत्री रोज तिथेच मोकळी सोडत होतो.

चूक नक्की कुठे झाली

बंड्याला मी एक शब्द बोलले नाही. त्याने काही चुकीचं केलं नव्हतं. कुत्र्यात शिकारीची एक साखळी असते, नजर रोखायची, दबकायचं, पळायचं, धरायचं, आणि एकदा साखळी सुरू झाली की हाक कानावर पडते पण आत पोचत नाही. वरून टिटव्या झेपावत असताना तो जेवढा चेकाळला होता त्या अवस्थेत घरातल्या शिकवणुकीचा उपयोग शून्य. सिम्बासारखा गोल्डन, जन्मात कोणाला चावला नाही, तोही लांडोरीमागे खाणीच्या कडेपर्यंत गेलेला मी बघितलाय.

चुका माझ्या होत्या आणि तीन होत्या असं मला वाटतं. वाट सोडली ही पहिली. दुसरी म्हणजे कुत्रा आत्ता शांत आहे म्हणून पट्टा काढला, पुढच्या वळणावर काय आहे ते मला माहिती नव्हतं तरी. आणि तिसरी, जी मला सगळ्यात जास्त टोचते, ती म्हणजे पक्षी आकांत करत होता आणि मला ती मजा वाटली. टिटवी डोक्यावर येऊन ओरडायला लागली की त्याचा एकच अर्थ असतो, इथे अंडी किंवा पिल्लं आहेत, मागे फिरा. हे मला त्या दिवशी माहिती असतं तर बाकीच्या दोन चुका होऊनही अंडी वाचली असती, पट्टा लावायला बावीस सेकंद भरपूर होते.

नंतर मी वाचायला बसले. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मधे शिकारीची व्याख्या वाचून मी गार पडले. मारणं तर आहेच, पण पाठलाग करणं, हाकलणं, जंगली पक्ष्यांची अंडी फोडणं, अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं, हे सगळं त्याच व्याख्येत आहे. मोर तर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण. आपला कुत्रा लांडोरीमागे पळतो आणि आपण "अरे बघ कसा पळतोय" म्हणतो. माणसांच्या बाबतीत भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे, आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी घेतली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आमच्यापैकी एकाच्या लॅबने एका मावशींच्या अंगावर प्रेमाने उडी मारली होती, त्या पडल्या, मनगट दुखावलं, आणि मग त्यांनी टेकडीवर येणंच सोडलं. तेव्हाही आम्ही सगळे "तो काही करत नाही" हेच म्हणालो होतो, मावशींना फोन एकानेही केला नव्हता.

एक अभ्यास मी ग्रुपवर सगळ्यात जास्त वेळा टाकलाय, सिडनीच्या वेशीवरच्या रानातला, २००७ साली प्रसिद्ध झालेला. पायवाटेवरून पट्टा लावलेला कुत्रा घेऊन चालल्यावर तिथे दिसणाऱ्या पक्ष्यांच्या जाती ३५ टक्क्यांनी आणि पक्ष्यांची संख्या ४१ टक्क्यांनी कमी झाली. पट्टा लावलेला असूनही. नुसता माणूस चालला तर याच्या निम्म्याहूनही कमी परिणाम. आणि जिथे रोज कुत्री येतात तिथले पक्षीही सरावलेले नव्हते. म्हणजे पट्टा लावला की आपण सुटलो असं नाही, काही ठिकाणी काही महिने कुत्र्याला घेऊन जायचंच नाही हेच उत्तर आहे, आणि हे पचवायला मला स्वतःला सहा महिने लागले.

ग्रुपवर काय झालं

त्या रात्री मी सगळं ग्रुपवर लिहिलं, फोटोसकट. काही लोकांनी लगेच पट्टे लावायला सुरुवात केली. काही चिडले. जे मुद्दे आले ते दरवर्षी तेच येतात म्हणून इथे लिहिते.

पहिला मुद्दा, मुंगूस पण अंडी खातंच की, निसर्ग आहे. खरंय, मुंगूस खातं, कावळा खातो, साप खातो. पण एका टेकडीला पोसवतील एवढीच मुंगसं तिथे राहतात, त्यांना खायला मिळालं नाही तर ती कमी होतात. आमची कुत्री घरी पोटभर खाऊन येतात आणि दुसऱ्या दिवशी परत तेवढीच येतात, पक्षी कितीही कमी झाले तरी.

दुसरा, भटकी कुत्री तर चोवीस तास मोकळीच असतात, त्यांचं काय. हा मुद्दा मी टाळत नाही, तो खरा आहे. त्यावर आम्ही एकच गोष्ट करू शकलो, टेकडीवर कुत्र्यांना बिस्किटं, पोळ्या टाकणाऱ्या दोघांशी बोललो आणि त्यांची खायला घालायची जागा टेकडीवरून खाली, वस्तीजवळ आणली. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत खायला घालायच्या जागा ठरवून द्यायची तरतूद आहेच. खाणं खाली आलं तशी कुत्री बरीचशी खाली आली, नसबंदी आणि रेबीजची लस देणंही सोपं झालं. सगळी आली नाहीत, पठारावर आजही तीन-चार असतात. पण त्यांचं पूर्ण होईपर्यंत माझा कुत्रा मोकळा, हा हिशोब मला पटत नाही.

आजारांचा मुद्दा कोणी काढलाच नव्हता, तो मी काढला. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्याभोवतीच्या गावांतल्या कुत्र्यांचं रक्त तपासलं होतं, त्यात दहातल्या नऊ किंवा त्याहून जास्त कुत्र्यांना पार्वो, डिस्टेंपर असल्या विषाणूंची लागण कधी ना कधी होऊन गेलेली निघाली, आणि त्याच माळावर खोकड (लहान कोल्हा) राहतं ज्याला हे रोग लागतात. २०१८ साली गीरमधे वीसहून जास्त सिंह गेले तेव्हाही डिस्टेंपर सापडला होता. म्हणून नाइन-इन-वन (अनेक रोगांवरची एकत्र लस) आणि रेबीजची लस वेळेवर, हे आपल्या कुत्र्यासाठी तर आहेच पण टेकडीसाठीही आहे. उलटही होतं, टेकडीवरून गोचीड घरी येते आणि मग टिक फीव्हर, हे आमच्यातल्या प्रत्येकाने एकदा तरी भोगलंय.

शी उचलायचा विषय निघाला की लोकांना वाटतं हा फक्त स्वच्छतेचा, पाय बरबटण्याचा प्रश्न आहे, जंगलात काय, खत होईल. खत होतं हाच तर त्रास आहे. बेल्जियममधे गेंट शहराजवळच्या राखीव रानांत मोजलं, २०२२ चा अभ्यास, तर कुत्र्यांच्या शी-शूतून वर्षाला हेक्टरी ११ किलो नायट्रोजन आणि ५ किलो फॉस्फरस जमिनीत जात होता. माळाची जमीन मुळात हलकी, त्यावर जे गवत आणि रानफुलं येतात ती हलक्या जमिनीला सरावलेली, तिथे फुकटचं खत पडलं की भराभर वाढणारं तण बाकीच्यांना दाबून टाकतं. त्याच अभ्यासात असंही होतं की शी उचलली तर फॉस्फरस जवळजवळ सगळाच, ९७ टक्के, वाचतो. शिवाय जंताची अंडी मातीत महिनोन्महिने टिकतात आणि पहिल्या पावसात सगळं वाहत खाणीच्या पाण्यात. पिशवीत भरून झुडपाला अडकवून ठेवणं, "जाताना नेतो" म्हणून, हे तर न उचलण्यापेक्षा वाईट, कारण ती पिशवी तिथेच राहते. मी आता जुना पोह्यांचा घट्ट झाकणाचा डबा सॅकला बाहेरून बांधते, पिशवी त्यात, वास येत नाही, घरी येऊन शी कमोडमधे आणि पिशवी कचऱ्यात.

तिसरा मुद्दा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तो कोकोच्या आईने मांडला. ती म्हणाली, "ताई सगळं मान्य, पण माझा बीगल टूबीएचकेमधे राहतो, सोसायटीत खाली आणला तर लोक ओरडतात, रस्त्यावर गाड्या, बागेत पाटी लावलीये कुत्र्यांना बंदी, मग त्याने पळायचं कुठे?" यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. नुसतं पट्टा लावा पट्टा लावा म्हणून लोक चार दिवस लावतात, पाचव्या दिवशी कुत्रं घरात चपला फाडायला लागतं आणि पट्टा सुटतो. पळायची गरज खरी आहे, ती कुठेतरी भागली पाहिजे.

काय काय करून बघितलं

आधी वेळ वाटून घेतली, पहाटे साडेपाच ते साडेसहा कुत्री मोकळी, नंतर पट्टे, म्हणजे माणसांना त्रास नको. हे तीन आठवड्यांत बंद केलं कारण काकांनी लक्षात आणून दिलं की माणसं नसतात तीच वेळ पक्ष्यांच्या चरण्याची, आम्ही माणसांना वाचवायला पक्ष्यांची वेळ घेतली होती.

मग दहा मीटरची लांब दोरी. ही चांगली आहे, छातीच्या हार्नेसला लावायची, गळ्याला नाही, नाहीतर पळता पळता झटका मानेला बसतो. पण अरुंद वाटेवर ती झुडपात अडकते आणि एकदा एका आजोबांच्या पायात आली, थोडक्यात वाचले. आता ठरलंय की वाटेवर दोन मीटरचा साधा पट्टा, कुत्रं वाटेच्या मधोमध, समोरून माणूस आला की आपण बाजूला होऊन कुत्र्याला बसवायचं. लांब दोरी फक्त घसरणीखालच्या रिकाम्या मैदानात. सोबत शिट्टी शिकवली, शिट्टी म्हणजे उकडलेलं चिकन, फक्त शिट्टीलाच चिकन, एरवी कधीच नाही. बंड्या आता शिट्टीला दहातून नऊ वेळा येतो आणि त्या दहाव्या वेळेसाठी पट्टा.

खरा फरक पडला तो प्लॉटमुळे. आमच्याच भागात एकाचा एनए (बिगरशेती) प्लॉट पडून होता, लोक तिथे राडारोडा टाकायचे म्हणून मालक वैतागले होते, त्यांना भेटलो, त्यांनी सकाळचे दोन तास द्यायला हो म्हणलं, अट एकच, स्वच्छ ठेवा. आम्ही वर्गणी काढून राडारोडा उचलला, चेनलिंकच्या जाळीचं कुंपण घातलं, खाली फटीत विटा लावल्या कारण बीगल उकरतात. कुत्र्यांसाठी वेगळी बाग ही काही नवीन कल्पना नाही, अमेरिकेत बर्कलीला १९७९ पासून आहे, आपल्याकडे हैदराबादला महापालिकेने २०१८ मधे केली. पण ती चालते कशी हे आम्हाला करून बघितल्यावरच कळलं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दार. एकच दार होतं तेव्हा पहिल्या आठवड्यात तीन भांडणं झाली, तिन्ही दारात. नवीन कुत्रं पट्ट्यात अडकलेलं, आतली सहा मोकळी त्याच्या अंगावर धावत येतात, त्याला मागे जाता येत नाही, मग ते दात दाखवतं. आम्ही दुसरं दार बसवलं, मधे चार फुटांची जागा. आत यायचं, बाहेरचं दार लावायचं, पट्टा तिथेच काढायचा, आतल्यांना त्यांच्या माणसांनी लांब बोलवायचं, मग आतलं दार. त्यानंतर दारात एकही भांडण नाही. चेंडू आणि खाऊ आत आणायचा नाही. माजावर आलेली कुत्री घरी. लसीचं कार्ड एकदा दाखवायचं. आणि माणसांनी घोळका करून उभं राहायचं नाही, सतत चालत राहायचं, कारण माणसं एका जागी थांबली की कुत्रीही तिथेच गोळा होतात आणि कुरबुर सुरू होते. हे शेवटचं पाळणं लोकांना सगळ्यात जड जातं.

सगळ्या कुत्र्यांना प्लॉट मानवत नाही हेही सांगते. रॉकी म्हातारा आहे, त्याला गर्दी नको, तो आजोबांबरोबर पट्ट्याने टेकडीच्या मुख्य वाटेवर हळूहळू वास घेत चालतो आणि घरी जाऊन झोपतो, त्याला तेवढं पुरतं. एक वाचवलेली कुत्री प्लॉटच्या दाराशी आली की थरथरते, तिला तिच्या माणसांनी आणणं बंद केलं, ते योग्यच केलं.

आता कुठवर आलंय

मार्च ते ऑगस्ट आमच्या ग्रुपमधलं कोणी कुत्रं घेऊन पठारावर जात नाही. मुख्य वाट, पट्टा, डबा. पळणं प्लॉटवर. सप्टेंबरनंतर पठाराच्या कडेने पट्ट्याने जातो, पण ऑक्टोबरमधे गवत वाळलं की कुसळं, ती कानात आणि बोटांच्या बेचक्यात शिरतात, बंड्याच्या कानातलं एक काढायला डॉक्टरांना भूल द्यावी लागली होती, त्यामुळे तेही दिवस कमीच. दोघंजण अजूनही मोकळी सोडतात, ग्रुपमधे नाहीत, समोर दिसले तर मी थांबून सांगते, भांडत नाही, तो बावीस सेकंदांचा व्हिडिओ दाखवते. एकाने तो बघून तिथेच पट्टा लावला, दुसऱ्याने मान वळवली.

त्या मावशींना मी उशिरा का होईना फोन केला. त्या परत येतात आता, मंगळवार-शुक्रवार, लॅब दिसला की थांबतात, लॅबचे बाबा त्याला बसवतात, मग त्या पुढे जातात.

मागच्या वर्षी मेमधे मी बंड्याला घरी ठेवून काकांबरोबर गेले होते. ती खळग्याची जागा सोडून बरीच पलीकडे, टिटवी बसली होती, दुर्बिणीतूनही मला सापडायला दहा मिनिटं लागली. एका टप्प्यावर तिने मान उंचावली आणि एकदाच टिटिव केलं. काका लगेच दोन पावलं मागे सरकले, मीही सरकले, आणि ती परत बसली.

प्लॉटवर दिवाळीनंतर बांधकाम सुरू होणार आहे, मालकांनी आधीच सांगितलंय आणि त्यांचं काही चुकत नाही. पडीक कोपऱ्याची एखादी जागा कुंपण घालून मिळावी म्हणून महापालिकेकडे अर्ज दिलाय, त्यावर चाळीस सह्या आहेत, त्यातल्या निम्म्या कुत्री नसलेल्यांच्या, मावशींचीही आहे. शनिवारी आणखी दोन जागा बघायला जातोय. पंचवटीच्या बाजूला पाच-सहा हजार स्क्वेअर फूट मोकळी जागा कोणाच्या माहितीत असेल, पाण्याचा नळ नसला तरी चालेल, तर कळवा.